पुस्तकाच्या दुकानातलं अभिवाचन : फोटोत पट्टे का येतात आणि लेखक झोपलेला का दिसतो

२३ एप्रिल, १५ ऑक्टोबर, २७ फेब्रुवारी. जागतिक पुस्तक दिन, वाचन प्रेरणा दिन आणि मराठी भाषा गौरव दिन. या तारखांच्या आसपास पुस्तकांच्या छोट्या दुकानांत अभिवाचनं होतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्या व्हॉट्सॲपवर तेच फोटो येऊन पडतात. दुकान वेगळं, लेखक वेगळा, कॅमेरा वेगळा, दुखणं एकच. चेहऱ्यावरून गेलेले आडवे करडे पट्टे, लेखिकेच्या मिटलेल्या पापण्या आणि फोकस नेमका माईकच्या स्पंजवर. खाली ठरलेला प्रश्न : "सेन्सर गेलाय का? की लेन्स बदलू?"

सेन्सर धडधाकट आहे. लेन्सचे पैसे ठेवा, त्यात पुस्तकं येतील. या तक्रारींचं मूळ दुकानातल्या दिव्यात आणि तुम्ही जिथे बसलात त्या जागेत असतं. कॅमेऱ्यातली सेटिंग्ज त्यानंतर येतात, आणि तीही फार नाहीत.

पट्टे

मी आधी एकच विचारते : सायलेंट शटर चालू होतं का?

उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असतं आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. नाट्यगृहात पाचशे माणसांत शटरचा आवाज विरून जातो. इथे दोन कपाटांच्या मधे पंचवीस-तीस खुर्च्या, लेखक सहा फुटांवर, कथेत नेमकी शांतता आलेली, आणि 'खटॅक्' झालं की पुढच्या रांगेतल्या काकू मान वळवून बघतात. म्हणून शहाणा माणूस आवाज बंद करतो. पट्ट्यांची सुरुवात तिथूनच होते.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणजे स्वस्तातला एलईडी किंवा जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असते. डोळ्याला ते कळत नाही. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर मात्र अख्खं चित्र एकदम उचलत नाही, ते वरून खाली एकेक ओळ वाचत येतं. बऱ्याच कॅमेऱ्यांना एवढं वाचायला सेकंदाचा विसावा ते तिसावा भाग लागतो. १/२० सेकंदात दिवा पाच वेळा मंदावतो, म्हणून फोटोत पाच पट्टे. कॅमेरा उभा धरलात तर पट्टेही उभे होतात. तसं झालं असेल तर निदान पक्कं समजा.

उपाय सोपा आहे. शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/१०० सेकंदावर ठेवा. आता प्रत्येक ओळीला दिव्याचा एक पूर्ण चढ आणि एक पूर्ण उतार मिळतो, त्यामुळे सगळ्या ओळींना सारखाच उजेड. १/५० नेही पट्टे जातात, पण हात हलले की फोटो हलतो. वाचताना हातवारे न करणारा लेखक असेल तरच तिकडे जा.

"मी १/१२५ ठेवलं होतं, १/१०० च्या जवळच आहे की!" जवळ आहे, पण पुरेसं नाही. १/१२५ ला पट्टे फिके होतात, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर दिसत नाहीत आणि घरी मोठ्या स्क्रीनवर उघडल्यावर गालावरून गेलेले दिसतात. यात खरी खोड ऑटो मोडची. त्याला वाटलं तर तो १/१६० घेतो, पुढच्या फोटोला १/८०. म्हणून शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग तुम्ही ठरवता तो मोड) किंवा मॅन्युअल लावा, १/१०० ला खिळा ठोका आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, ऑटो राहू द्या. दुकानात साधारण बरा उजेड असेल तर एफ २.८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, जितका लहान तितकं छिद्र मोठं) आयएसओ १६०० ते ३२०० च्या आसपास जाईल. हल्लीच्या कॅमेऱ्यांना हे सहज झेपतं. फोटोतल्या दाण्यांना घाबरून शटर खाली-वर करू नका. दाणे खपून जातात, पट्टे नाही.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. तिकडची वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथे १/६० किंवा १/१२० लागतं. पुण्यात बसवलेली सेटिंग्ज तशीच घेऊन मंडळाच्या कार्यक्रमाला गेलात तर पट्टे हजर.

आता दुसरी जात. पट्टे नाहीत, पण एकापाठोपाठ काढलेल्या चार फोटोंपैकी एक उजळ, एक काळपट, एक पिवळसर. हा मेकॅनिकल शटरचा प्रकार. त्याचे पडदे साधारण १/२५० सेकंदात फ्रेम ओलांडतात, म्हणून पाच पट्टे दिसायला वेळच मिळत नाही. पण १/५०० सारखा वेग ठेवलात तर दिवा चढावर होता की उतारावर, यावर फोटोचं नशीब ठरतं. इथेही १/१०० चालतं. वेग हवाच असेल तर मेन्यूत अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक टाळणारी सोय) शोधा. कॅननने २०१४ साली ७डी मार्क टूमध्ये ही सोय दिली, नंतर इतरांकडेही आली. कॅमेरा दिव्याची लय ओळखतो आणि तो सर्वात उजळ असताना शटर सोडतो. बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढणं, किंचित मंदावतो, बाकी तोटा नाही. फक्त बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय सायलेंट शटरबरोबर चालत नाही, तेव्हा आवाज करायचा की नाही हा प्रश्न परत तुमच्याकडेच येतो.

तिसरी जात सर्वात चिवट. १/१०० लावलं, तरी केसांसारखे बारीक, दाट पट्टे. हा डिमरवर मंद केलेला एलईडी. असे दिवे मंद करायचे म्हणजे आतून त्यांची फटाफट उघडझाप करायची. सेकंदाला शेकडो, कधी हजारांहून जास्त वेळा. या उघडझापीचा तुमच्या १/१०० शी मेळ बसेलच असं नाही. कुठला दिवा हे करतोय ते शोधायला मोबाइल पुरतो. स्लो मोशन व्हिडिओ लावून एकेका दिव्यावर धरा, लुकलुकणारा लगेच सापडतो. बहुधा तो कपाटाच्या वर शोभेला लावलेल्या पट्टीतला किंवा 'वातावरण' म्हणून मंद केलेल्या स्पॉटमधला असतो. दुकानदाराला म्हणा, "दादा, तेवढा एक दिवा पूर्ण ठेवा, नाहीतर बंद करा." पूर्ण तेजावर ही उघडझाप थांबते. मंद दिव्यात वाचणाऱ्यालाही अक्षरं दिसत नसतात, त्यामुळे लेखक तुमच्याच बाजूने बोलतो. काही नव्या कॅमेऱ्यांत शटरचा वेग दशांशापर्यंत बदलता येतो. ती सोय असेल तर पडद्यावर बघत पट्टे नाहीसे होईपर्यंत आकडा सरकवा.

मागे प्रोजेक्टर किंवा एलईडी पडदा असेल तर त्याला फ्रेममधून वगळा. त्याचं औषध शोधण्यात संध्याकाळ जाते.

मिटलेले डोळे

पट्ट्यांचं कारण यंत्रात तरी सापडतं. डोळ्यांचं कारण तुमच्या पायांत आहे.

वाचणारा माणूस खाली बघतो. खाली बघितलं की पापणी खाली येते. तुम्ही तिसऱ्या रांगेमागे उभे राहून, लोकांच्या डोक्यांवरून फोटो काढलात तर कॅमेऱ्याला फक्त पापणी आणि टाळू दिसणार. लेखक टक्क जागा असतो, फोटोत मात्र डुलकी लागलेली. त्यातून पापणीच्या वर छताचा दिवा, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत सावली. डोळे उघडे असले तरी मिटल्यासारखे.

खाली बसा. पहिल्या रांगेच्याही पुढे, जमिनीवर, सतरंजी असेल तर तिच्यावर. कॅमेरा लेखकाच्या हातातल्या पुस्तकाच्या उंचीला आणा. तिथून पापणीखालून बुबुळ दिसतं आणि खाली बघणारा चेहरा वाचतोय असा दिसतो. शिवाय पुस्तकाचं पांढरं पान छताचा उजेड वर, चेहऱ्यावर फेकत असतं. फुकटचा रिफ्लेक्टर, आणि तो फक्त खालूनच कळतो. पान पिवळट, जुन्या कागदाचं असेल तर चेहऱ्यावरही ती ऊब येते. फोनवरून किंवा टॅबवरून वाचणाऱ्यांचं उलट. हनुवटीखाली निळसर उजेड आणि नजर आणखी खाली. त्यांना कार्यक्रमाआधी छापील प्रत घेऊन वाचायची विनंती करून बघा. दुकानात प्रती असतातच.

समोरासमोर बसू नका, थोडं बाजूला सरका. कुठल्या बाजूला? पुस्तक ज्या हातात आहे त्या बाजूला मान किंचित वळलेली असते, तेव्हा त्या बाजूने चेहरा जास्त मिळतो. माईकचा आडवा दांडाही त्याच बाजूने आला असेल तर मात्र दुसरीकडे जा, कारण गालाला छेदून गेलेला दांडा कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही. पोडियम असेल तर फार खाली बसण्यात अर्थ नाही. लाकडाची कड हनुवटी कापते. दोन पावलं मागे, बाजूला, जरा लांबची लेन्स. आणि आयोजकांशी ओळख असेल तर पोडियमच नको म्हणा. एवढ्याशा दुकानात त्याची गरज नसते.

चष्म्याची एक गंमत. प्रोग्रेसिव्ह काचा वापरणारे लेखक काचेच्या खालच्या भागातून वाचतात, त्यामुळे हनुवटी वर आणि नजर खाली. खालून यांचे फोटो वाईट येतात, नाकपुड्या पुढे. यांच्यासाठी डोळ्यांच्याच पातळीला राहा. काचेत ट्यूबचा पांढरा पट्टा चमकत असेल तर लेन्स बदलू नका, एक फूट डावी-उजवीकडे सरका आणि चमक काचेच्या कडेला जाईपर्यंत बघा.

आता क्षण. लेखक कधीतरी वर बघतोच, आणि ते कधी हे बऱ्यापैकी ओळखता येतं. गद्य वाचताना परिच्छेद संपला की नजर वर येते. संवाद आला की दुसऱ्या पात्राच्या तोंडचं वाक्य बोलताना वर येते. विनोद असेल तर हशा पिकायच्या आधी क्षणभर, लागला की नाही ते बघायला. पान उलटताना बरेच जण शेवटचे दोन-तीन शब्द पाठ असल्यासारखे समोर बघून म्हणतात, आणि कागदाच्या आवाजात शटरही लपतं. कविता असेल तर काम आणखी सोपं. पहिली ओळ म्हटली, कुणीतरी 'वाह' म्हटलं, की कवी ती ओळ पुन्हा म्हणतो आणि दुसऱ्यांदा कागदाकडे बघत नाही. गझल वाचणारे तर शेराची पहिली ओळ हमखास दोनदा घेतात. पहिल्या वेळी फोकस नीट करा, दुसऱ्या वेळी बटण दाबा.

यासाठी सर्वात उपयोगी तयारी अशी : अर्धा तास आधी जा, कुठला उतारा वाचणार आहेत ते विचारा आणि तिथलंच पुस्तक उघडून तो चाळा. विनोद कुठे आहे, पात्रं कधी बोलतात, शेवटचं वाक्य कोणतं, हे माहीत असलेल्याला मशीनगनसारखा बर्स्ट मारावा लागत नाही. तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट पुरतो. सेकंदाला वीस फोटो काढून घरी अर्धवट उघड्या तोंडांच्या रांगा बघत बसण्याचा मला तरी कंटाळा आहे.

त्याच अर्ध्या तासात खुर्ची बघा. ती नेमकी दिव्याखाली असेल तर दीड-दोन फूट मागे सरकवा, म्हणजे उजेड समोरून उतरतो आणि डोळ्यांतली सावली जाते. मागे खिडकी असेल तर फिरवा. आणि फ्लेक्स! पुस्तकाच्या दुकानात फोटो काढायचं निम्मं कारण मागची पुस्तकांची कपाटं, आणि आपण त्यांच्यावरच पाहुण्यांच्या मोठाल्या फोटोंचा फ्लेक्स ताणतो. तो बाजूच्या भिंतीवर लावा म्हणून सांगा. कार्यक्रमाआधी सांगितलं तर ऐकतात, सुरू झाल्यावर नाही. टेबलावरची पाण्याची बाटली एका बाजूला सारा. मुंबईच्या 'किताबखाना' या दुकानात मागे उंच छत आणि जुने खांब आहेत, कळंगुटचं 'लिटराटी' हे दुकान जुन्या गोवेकरी घरात आहे. अशा ठिकाणी एक फोटो तरी रुंद लेन्सने, जागा दिसेल असा घ्याच. नुसते चेहरे कुठेही मिळतात.

फोकस माईकवर

५० मिमीची एफ १.८ लेन्स पूर्ण उघडी, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, लेखक दोन मीटरवर : पुढेमागे मिळून साधारण १७ सेंटीमीटर जागा स्पष्ट येते. माईक तोंडापासून वीतभर पुढे असतो. म्हणजे माईकवर फोकस गेला की डोळे गेले. कॅमेऱ्याची डोळा ओळखण्याची सोय इथे दगा देते, कारण पापणी खाली असली की तिला डोळा सापडत नाही आणि ती समोरची सर्वात ठळक वस्तू पकडते. ती बंद करून एकच छोटा फोकस बिंदू घ्या आणि चष्म्याच्या नाकावरच्या पुलावर किंवा भुवईवर ठेवा. एफ २.८ ला गेलात तर जरा श्वास घेता येतो. पाठीमागची पुस्तकांची नावं अर्धवट वाचता येणं मला आवडतं, म्हणून मी बहुधा तिथेच राहते.

रंग

पांढरी ट्यूब, पिवळे स्पॉट आणि दारातून येणारा संध्याकाळचा निळा उजेड, तिन्ही एकाच चेहऱ्यावर आले की ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवणारी सोय) दर फोटोला मत बदलतो. एका जातीचे दिवे बंद करता आले तर करा. नाहीतर त्याच सोयीतला केल्विनचा (उजेडाच्या रंगाचा) आकडा ४००० च्या आसपास हाताने लावून रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, काढा, घरी सगळे फोटो एकदम दुरुस्त होतात. फ्लॅश नको. वाचणाऱ्याची ओळ तुटते; कार्यक्रम संपल्यावरच्या ग्रुप फोटोला हवा तेवढा उडवा.

फक्त मोबाइल असेल तर

पट्ट्यांचं शास्त्र तेच. काही फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये अँटी-बँडिंग किंवा फ्लिकर असा पर्याय असतो; तो ५० हर्ट्झवर आहे का बघा. प्रो मोड असेल तर १/१००. नाइट मोड बंद ठेवा. तो अनेक फोटो जोडून एक करतो आणि बोलणाऱ्या माणसाचे ओठ पुसट होतात. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच अडकतो, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. पांढऱ्या पानाचा धप्प गोळा होत नाही. झूम करण्याऐवजी पुढे जाऊन खाली बसा. आणि शटरचा आवाज बंद आहे ना ते घरीच तपासा. श्रोत्यांचे, विशेषतः मुलांचे जवळून फोटो टाकायचे असतील तर त्यांना किंवा आईवडिलांना विचारून घ्या.

पट्टे आलेच असतील तर

कार्यक्रम होऊन गेला, प्रकाशकाला उद्या फोटो हवेत, आणि पट्टे आहेत. पट्टे नुसते रंगाचे, पिवळे-निळे असतील तर फोटो कृष्णधवल करा, बरेचसे लपतात. उजेडाचे असतील तर लपत नाहीत. मग प्रत्येक गडद पट्ट्यावर मऊ कडांचा ग्रेडियंट मास्क टाकून तेवढाच भाग उजळायचा. भिंतीवर हे जमतं, कपाटांवरही चालून जातं. चेहऱ्यावर मात्र त्वचा डागाळल्यासारखी दिसते, तेव्हा ज्या फोटोंत पट्टा कपाळाच्या वरून किंवा छातीवरून गेलाय तेच निवडा आणि तिथे कापा.

निवड लेखकावर सोडू नका. १९३९ साली पॅरिसमध्ये आद्रियेन मोनिए यांच्या पुस्तकांच्या दुकानात छायाचित्रकार जिझेल फ्रॉइंड यांनी लेखकांचे रंगीत फोटो पडद्यावर दाखवले. समोर स्वतः लेखकच बसले होते. बाकीच्यांचे फोटो छान आलेत आणि आपलाच वाईट आलाय, असं म्हणणारे त्यांत पुष्कळ होते. तुमच्या लेखकाचंही तेच होणार. पाच-सहा चांगले फोटो पाठवा, पट्टेवाले पाठवूच नका, आणि "अजून आहेत का?" असं आलं तर "नाहीत" म्हणा.